खिंडीला उंबरठा नसतो

खाली काय शोधताय? वर बघा. दाराच्या माथ्यावर, घड्याळामागे अक्रोडाची जाड फळी दिसते ना, तो मी. मी उंबरठा बोलतोय. "उंबरठा आणि दाराच्या वर?" असं म्हणून हसू नका. उंबरठा झाल्यावरची पहिली सहा वर्षं मीही चारचौघा उंबरठ्यांसारखी जमिनीवर आडवं पडूनच काढली. तिथून इथवर कसा चढलो, ती हकिगत मोठी मजेची आहे. आपली स्तुती आपणच करू नये म्हणतात. पण माझी दुसरं कोण करणार?

डोंगरउतारावरच्या अक्रोडांच्या रानात मी शंभर वर्षं उभा होतो. एका हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्यानं मोडून पडलो. वसंतात सेयितकान उस्ता तिथून चालला होता. उस्ता म्हणजे आमच्याकडचा मुरलेला कारागीर. नाव घेताना लोक मान लववतात. त्यानं माझ्या खोडावर बोटांच्या पेरांनी टकटक केली, कान लावला आणि म्हणाला, "हा दारात बसेल." मग मला घरी नेऊन दोन वर्षं पडवीत वाळत ठेवलं.

त्याच सुमारास चोन-बुलाकच्या विमानतळावर एक भिंत फोडायचं चाललं होतं. आमच्या चोन-बुलाकला मुद्दाम असं कुणी येत नाही. रशियात कामाला गेलेली माणसं उत्तरेकडच्या मोठ्या विमानानं इथं उतरतात आणि छोट्या विमानानं पुढे डोंगरातल्या आपापल्या गावी जातात. उतरायचं एका इमारतीत, चढायचं दुसरीतून. मध्ये एकच भिंत. पण तेवढ्यासाठी माणसानं बाहेर पडायचं, बर्फातून सगळा वळसा घालायचा आणि पलीकडून पुन्हा आत शिरायचं. शेवटी डायरेक्टरसाहेबांनी ती भिंत फोडायचं ठरवलं. कल्पना झकास होती. दार करायला त्यांनी सेयितकान उस्ताला बोलावलं.

"उस्ता, नुसती चौकट आणि दोन झडपा," साहेब म्हणाले. "खाली काही नको."

उस्तानं हातातली पटाशी खाली ठेवली. "उंबरठ्याविना? साहेब, त्याला दार म्हणत नाहीत, भगदाड म्हणतात. वारा, चोर आणि वाईट नजर, तिघंही न विचारता आत येतील."

साहेबांनी हट्ट सोडला. त्यांची आई खेड्यातली; लहानपणी उंबरठ्यावर पाय दिला म्हणून त्यांनी पाठीत धपाटे खाल्लेले. सामानाच्या गाड्यांची चाकं कशी जाणार, हे ज्या इंजिनिअरनं विचारायचं, तोच मान डोलावत म्हणाला, "बरोबर आहे उस्ताचं." जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुणी विमानतळाच्या दाराला घरासारखा उंबरठा बसवला नसेल. आमच्या लोकांनी बसवला, आणि वर एकमेकांची पाठही थोपटली. चार बोटं उंच, तेल पिऊन चकचकीत झालेला असा मी तिथं रुजू झालो.

आमच्याकडे उंबरठ्याचा मान केवढा म्हणून सांगू! त्याच्यावर पाय द्यायचा नाही, बसायचं नाही, त्याच्यावरून सलाम करायचा नाही आणि काही द्यायचं-घ्यायचं तर मुळीच नाही. मी जमिनीलगत असल्यामुळे मला माणसांचे चेहरे कधी दिसले नाहीत, दिसले ते जोडे. पण जोड्यांवरूनही माणूस कळतो. नव्या पांढऱ्या बुटांची पोरं मोबाइलमध्ये डोकं खुपसून यायची, तरी माझ्याजवळ आली की पाय बरोबर उंच उचलायची. म्हातारी माणसं क्षणभर थांबून, काहीतरी पुटपुटून ओलांडायची. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्यात माझ्या दिमतीला एर्गेश बाइके. बाइके म्हणजे दादा. सारा विमानतळ त्याला तसंच म्हणे. तरुणपणी कुस्त्या मारलेला, पायात पंचेचाळीस नंबरचे बूट, कमरेला साखळीत अडकवलेली माझ्या दाराची एकुलती एक किल्ली. तिकीट बघून माणसाला पलीकडे सोडायचं, एवढंच त्याचं काम. पण त्यानं ते असं काही मनावर घेतलं की मी नाकावर माशी बसू देणार नाही आणि तो माझ्यावर.

कुणी अलीकडून तिकीट पुढे केलं की तो हात मागे घ्यायचा. "उंबरठ्यावरून नाही. आधी इकडे या, मग द्या." माणूस यायचा, तिकीट दाखवायचा, ते चुकीचं निघालं तर पुन्हा पलीकडे जायचा. सामानाच्या गाडीचं तर बोलायलाच नको. चाक उंबरठ्यावर चढवणं म्हणजे पाय देण्यासारखंच, असा एर्गेश बाइकेचा निवाडा. म्हणून गाडी माझ्यापाशी रिकामी करायची, एकेक पिशवी हातानं उचलून पलीकडे न्यायची आणि तिकडे दुसऱ्या गाडीवर रचायची. मागे दहा-बारा जण ताटकळत. पण कुणी चकार शब्द काढत नसे, कारण प्रत्येकाला ते पटलेलंच असे.

बरं, घाई कुठल्या गावच्या लोकांना असायची? तुया-बेलच्या. तुया-बेल आमच्या प्रदेशातलं सगळ्यात उंचावरचं गाव. हिवाळ्यात रस्त्याची खिंड सहा-सहा महिने बंद. दिवसाला एकच चाळीस जणांचं विमान, सुटायचं अकरा दहाला, दार बंद व्हायचं अकरा पाचला. ते थांबू शकत नाही. दुपार झाली की खिंडीत वारा सुटतो आणि तिकडच्या धावपट्टीवर दिवेही नाहीत. उत्तरेचं विमान उतरायचं पावणेदहाला. म्हणजे मध्ये एक तास वीस मिनिटं. ऐकायला केवढा वेळ वाटतो! तरी रोज चार-सहा माणसं काचेला नाक लावून आपलं विमान उडताना बघत उभी असायची. मला वाटायचं, लोकच आळशी.

माझे डोळे उघडले ते उरुमकान आपामुळे.

ऑक्टोबर संपत आला होता. रांगेत मऊ कातडी बूट आणि त्यावर रबरी खोळ असा एक जोड उभा होता. डाव्या खोळीला लाल रबराचं ठिगळ. ती आपा, म्हणजे आईच्या मानाची थोरली बाई; सत्तरीची, रशियात लेकीची मुलं सांभाळायला राहिलेली, आता तुया-बेलला लेकाकडे निघालेली. तिच्यापुढे आठ गाड्या. एकेक रिकामी होत होती, एकेक भरत होती. एक पाय दुसऱ्या पायावर घासत ती उभी होती.

तिची पाळी आली. एर्गेश बाइके म्हणाला, "आपा, सामान उतरवा."

"अरे लेका, चाकं आहेत ना त्याला?"

"चाकं उंबरठ्यावर चढवू? तुमच्या घरी चढवाल का?"

आपा वरमली. "नाही रे बाबा, तेही खरंच," म्हणत तिनं खोकं उचललं. माझ्यावरून नेताना खोक्याची सुतळी तुटली आणि गोळ्या-चॉकलेटांचा सडा पडला. काही अलीकडे, काही पलीकडे, काही थेट माझ्या पाठीवर. सगळे वेचायला धावले. एर्गेश बाइकेही गुडघ्यांवर आला. पलीकडून भोंग्यातून आवाज येत होता, 'तुया-बेलच्या प्रवाशांनी त्वरित...' आपा काचेपाशी पोचली तेव्हा अकरा वाजून नऊ मिनिटं झाली होती. चार मिनिटांपूर्वी विमानाचं दार बंद झालं होतं. तिच्या डोळ्यांदेखत ते उडालं.

ती परत येऊन माझ्याशेजारच्या बाकावर बसली. रडली नाही. समोर एक बाई पाणी घेऊन आली, चपटे काळे बूट, टाचेला झिजलेले. ती सोनुन, पुढच्या विमानाच्या प्रवाशांची सगळी जबाबदारी तिच्याकडे. तिचं माहेरही तुया-बेलचंच.

"उद्या जाल, आपा," सोनुन म्हणाली.

"उद्याच तर कार्यक्रम आहे गं. नातू चालायला लागलाय. त्याचा तुशो कापायचाय." आपानं पिशवीतून एक दोरा काढला, काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पीळ घातलेला. "हा मी तिकडे बसून वळला. पोराचे पाय या दोऱ्यानं बांधायचे, गावातल्या पोरांनी शर्यत लावायची, पहिला येईल त्यानं दोरा कापायचा. मग पोर जन्मभर अडखळत नाही. आता काय, दोरा इथं आणि पाय तिकडे."

त्या संध्याकाळी तुया-बेलवर बर्फ सुरू झालं आणि पाच दिवस थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी फोनवर तिला दाखवलं: घरच्या लोकांनी दुसरा दोरा आणून कार्य उरकलं होतं, नातू टाळ्यांच्या गजरात डुलत डुलत चालत होता. आपा खूप हसली, आणि हसता हसता रडली. मग तिनं ती सगळी चॉकलेटं येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटली. "घ्या, माझ्या नातवाच्या पावलांची आहेत." दोरा मात्र तिनं एर्गेश बाइकेच्या हातात ठेवला. "तू ठेव रे. माझ्या काय कामाचा?" त्यानं तो खिशात घातला.

पाचव्या दिवशी विमान सुटलं. मला ओलांडण्याआधी आपा वाकली, माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुझा काय दोष, लाकडा!" रागावली असती तर परवडलं असतं. शंभर वर्षं झाड म्हणून आणि काही वर्षं उंबरठा म्हणून काढली, पण इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

आपा महिनाभर तुया-बेलला राहून पुन्हा लेकीकडे उत्तरेला गेली. आणि डिसेंबरात राजधानीतून पत्र आलं. तुया-बेलचं विमान रोज जागा रिकाम्या ठेवून उडतं, सबब एक एप्रिलपासून ते बंद करण्यात येईल. म्हणजे सहा महिने त्या गावाला ना डॉक्टर, ना डाक, ना लेक घरी येणार, ना सून माहेरी जाणार. पत्र वाचून सोनुन साहेबांच्या खोलीत गेली नाही. साहेबांनाच तिनं हॉलमध्ये बोलावलं, ते माझ्यासमोर.

"साहेब, जागा रिकाम्या नाहीत. त्या जागांवरची माणसं आपल्याकडे अडकून पडतात."

"अगं, मग लोकांनी चटचट चालावं!"

"मी चालून पाहिलं. चार दिवस, वीस किलोची पिशवी घेऊन, हातात घड्याळ धरून." तिनं वही उघडली. "विमानातून उतरलं की 'बाहेर' ही पाटी केवढी आहे बघा, बैलाएवढी. 'पुढचं विमान' ही पाटी तळहाताएवढी, तीही खांबामागे. माणसानं तीन जणांना वाट विचारली की गेली पाच मिनिटं. पासपोर्टला एकच रांग. ज्याला घरी जाऊन चहा ढोसायचाय तोही तीत, आणि ज्याचं विमान सुटतंय तोही. मग स्वतःची पिशवी शोधून घ्यायची आणि पन्नास पावलांवर तीच परत जमा करायची. कशासाठी? पिशवीला पाय नसतात, पण आपल्याकडे तर गाड्या आहेत! ज्या विमानतळावर माणसाला वाट विचारावी लागते, साहेब, तिथं त्याचं विमान चुकलंच म्हणून समजा."

साहेब प्रत्येक गोष्टीला 'कर, कर' म्हणत गेले. निळी रेघ आखायची? कर. वेगळी रांग? कर. पिशव्या परस्पर? बोलतो मी कस्टमशी. मग सोनुननं वहीचं शेवटचं पान उलटलं.

"आणि उंबरठा. एकवीस मिनिटं."

इथंच घोडं पेंड खात होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायची छाती कुणाची नव्हती.

"बाकीचं सगळं कर," साहेब हळू आवाजात म्हणाले. "त्याला हात लावायचा नाही."

"मी जिवंत असेपर्यंत तरी नाही," एर्गेश बाइके म्हणाला. "उंबरठा उखडायचा? पोरी, असं शिवीसुद्धा म्हणून कुणी बोलत नाही!"

खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. मग आपाचा तो हात आठवला आणि बरं वाटणं संपलं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो, 'काढा रे मला!' सोनुननं चार सुतार आणले. चौघांनी मला पाहिलं, कानाला खडा लावला आणि हत्यारं न उघडताच परत गेले. जानेवारी गेला. निळी रेघ आखून झाली, पाट्या बदलल्या, पासपोर्टची वेगळी खिडकी उघडली. प्रवासी आता भराभर येत आणि माझ्यापाशी येऊन तुंबत.

राजधानीतून दुसरं पत्र आलं. सोनुनच्या विनवण्यांना एवढंच फळ आलं होतं: वीस मार्चला, म्हणजे नौरोजच्या आदल्या दिवशी, एक अधिकारी येऊन स्वतः पाहील. उत्तरेच्या विमानातले तुया-बेलला जाणारे सगळे प्रवासी त्यांच्या विमानात वेळेवर चढले तर ठीक. एक जरी राहिला, तरी एप्रिलपासून बंद.

सोनुन शेवटी सेयितकान उस्ताच्याच घरी गेली. तिथं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. एवढं खरं की दुसऱ्या दिवशी उस्ता आला. फारच थकला होता. माझ्याजवळ गुडघे टेकून बसायला त्याला बराच वेळ लागला. मग त्यानं पेरांनी टकटक केली, कान लावला, पहिल्या दिवशी केली होती तशी.

"एर्गेश," तो म्हणाला, "तुझे आजोबा मेंढरं घेऊन उन्हाळी कुरणावर जायचे ना?"

"जायचे की. दरवर्षी."

"तंबू कुठं ठोकायचे?"

"कुरणावर."

"खिंडीत नाही?"

"खिंडीत कसे ठोकतील? खिंड काय राहायची जागा आहे?"

"मग खिंडीत कधी त्यांनी उंबरठा मांडला होता?"

एर्गेश बाइके कमरेची साखळी चाळवू लागला.

"चूक माझीच," उस्ता म्हणाला. "मला वाटलं, दार म्हणजे घर. अरे, इथं कोण राहतं? घरात माणूस येतो तो थांबायला, त्यानं उंबरठ्याशी घटकाभर थांबावं हे बरोबर. इथं माणूस येतो तो पुढे जायला. ही खिंड आहे, बाबा. खिंडीला उंबरठा नसतो." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "चल, ऊठ. तुला चुकीच्या जागी निजवला मी."

त्यानं मला स्वतःच्या हातानं काढलं. एकही खिळा वाकवला नाही. सोनुननं नान आणला होता. उस्तानं तो मोडला, सगळ्यांना तुकडा दिला, साहेबांनाही, आणि सगळ्यांनी तोंडावरून तळवे फिरवून प्रार्थना केली. खाली जमीन सपाट केली. मला वाटलं, झालं, आता चुलीत. पण उस्ता म्हणाला, "आमच्यात चौकटीचं लाकूड टाकत नाहीत. इतकी वर्षं पायांपाशी होतं, आता डोक्यावर जाऊ दे." आणि त्यानं मला दाराच्या माथ्यावर बसवलं. माझ्यावर सोनुननं ते मोठं घड्याळ टांगलं.

आयुष्यात पहिल्यांदा मला माणसांचे चेहरे दिसले! एर्गेश बाइके मला वाटला होता तितका उग्र नव्हता. त्याचे कान पोरासारखे लाल होते. सोनुनच्या कपाळावर आठ्या होत्या, पण हसली की गालाला खळी पडायची. सहा वर्षं मी किती थोडं बघत होतो!

दुसऱ्याच दिवशी वीस मार्च उजाडला. राजधानीचा अधिकारी आला. वरून मला त्याचं गुळगुळीत टक्कल आणि हातातली वही, एवढंच दिसलं. आणि नेमकं त्याच दिवशी उत्तरेचं विमान उशिरा निघालं. उतरलं दहा बत्तीसला. तुया-बेलला जाणारी माणसं तेवीस. हाताशी मिनिटं तेहेतीस.

"आता कशाला थांबायचं?" टकलू साहेब वही मिटत म्हणाला. "ऐंशी मिनिटांत जमत नव्हतं म्हणे."

"चहा घ्या साहेब," सोनुन म्हणाली. "तो गार व्हायच्या आत येतील ते."

तिची माणसं विमानाच्या जिन्याशीच पाटी धरून उभी होती. तेवीस जण बाजूला काढले. निळी रेघ, वेगळी खिडकी, धडाधड शिक्के. पिशव्या मागच्या मागे गाडीत. कुणालाच कुणाला काही विचारावं लागलं नाही. दहा अठ्ठेचाळीसला तेविसावा शिक्का बसला. मी वरून सगळा लांबलचक बोळ बघत होतो. आता येणारच होती की माणसं!

आणि त्याच वेळी एर्गेश बाइकेनं खिशातून तो काळा-पांढरा दोरा काढला आणि दारात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, आडवा बांधला.

"हे काय करताय?" सोनुन किंचाळली. "उंबरठा काढला तर तुम्ही दोरा बांधलात, एर्गेश बाइके?"

"दार आज पहिल्यांदा चालतंय," तो हलायला तयार नाही. त्याच्या हातात कात्री होती. "तुशो न कापता चालू लागलं तर जन्मभर अडखळेल. जो पहिला येईल तो कापेल. एक क्षणाचं काम आहे. मला अडवू नकोस. माझ्यामुळे एका म्हातारीचा दोरा वाया गेलाय."

सोनुननं कपाळाला हात लावला. बोळाच्या टोकाला पावलं वाजली. तेवीस जण येत होते. सगळ्यात पुढे एक म्हातारी. चेहरा मी ओळखला नाही, कसा ओळखणार? पण डाव्या खोळीचं लाल ठिगळ बघितलं आणि माझं लाकूड शहारलं. उरुमकान आपा! नौरोजला घरी निघालेली. ती पुढच्या रांगेत बसली होती म्हणून पहिली उतरली होती.

आणि मागचे बावीस तिच्या मागे. धट्टेकट्टे गडी, हात रिकामे, एकेक जण तिला तीन उड्यांत मागे टाकेल असा. पण एकही पुढे जाईना. आमच्यात थोरांच्या पुढे पाऊल टाकत नाहीत. आपा जाईल त्या चालीनं सगळी वरात!

"अरे, पुढे व्हा!" सोनुन दारातून ओरडली. "विमान सुटेल!"

"आपा पुढे आहेत ना!" बावीस तोंडांतून एकच उत्तर.

घड्याळात दहा चौपन्न. माझ्या छातीवरच टिकटिकत होतं ते. टकलू साहेब चहाचा पेला हातात धरून बघत राहिला.

"आपा, उचलून घेऊ का?" मागचा एक गडी म्हणाला.

"मी काय बटाट्याचं पोतं आहे?" आपा फणकारली. "आणि तुम्ही काय मेंढरांसारखे मागे लागलायत? व्हा पुढे!"

"नाही, आपा. तुम्ही व्हा."

"बरं तर!" असं म्हणून ती थांबली. एक खोळ काढली, दुसरी काढली, दोन्ही त्या गड्याच्या हातात कोंबल्या आणि मऊ कातडी बुटांत धावत सुटली. हो, धावत! डोक्याचा रुमाल मागे फडफडतोय, मागून बावीस गडी "पळा आपा, पळा!" म्हणून ओरडतायत, खोळीवाला खोळी उंच धरून धावतोय, चहावाल्या बाया टाळ्या पिटतायत. डायरेक्टरसाहेबसुद्धा मुठी आवळून "ये, ये, ये!" करत होते. माझ्या रानात वादळ झालं तरी एवढा गलका मी ऐकला नव्हता.

दोऱ्यापाशी येऊन ती धापा टाकत थांबली. दोरा बघितला. एर्गेश बाइकेकडे बघितलं. एर्गेश बाइके कात्री घेऊन पलीकडे उभा होता. आपानं हात पुढे केला आणि त्यानं सवयीनं हात मागे घेतला. "आधी इकडे..."

"कुठला उंबरठा आहे आता?" सोनुन ओरडली.

त्यानं खाली बघितलं. सपाट जमीन. मग वर, माझ्याकडे बघितलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा एर्गेश बाइकेनं दारातून काहीतरी दिलं. कात्री आपाच्या हातात पडली.

"बांधलेलं सुटू दे," आपा दम खात म्हणाली, "आणि इथून जाणाऱ्या कुणाचं पाऊल अडखळू नये!" कच्चकन दोरा तुटला. तेवीस माणसं माझ्या खालून अशी गेली जसं बांध फुटल्यावर पाणी. गाड्या नाहीत, खोकी नाहीत, रांग नाही. दारातून जायला त्यांना एक मिनिटही लागलं नाही. पलीकडची तपासणी झाली, अकरा तीनला तेविसावा माणूस विमानाच्या जिन्यावर होता आणि तिकडून खोळीवाला ओरडत होता, "आपा, तुमच्या खोळी!"

टकलू साहेबानं वहीत काहीतरी लिहिलं आणि पेला तोंडाला लावला. "गरमच आहे," तो म्हणाला. सोनुन भिंतीला टेकून हसत होती आणि डोळे पुसत होती. एर्गेश बाइकेनं तुटलेल्या दोऱ्याची दोन्ही टोकं उचलली, शिडी आणली आणि ती माझ्या दोन्ही बाजूंना बांधली. अजून आहेत, बघा: डावीकडे एक, उजवीकडे एक.

एक एप्रिलला विमान बंद झालं नाही. जूनपासून तर आठवड्यातून तीन दिवस दुसरंही सुटू लागलं, आणि डोंगरातली आणखी दोन गावं म्हणाली, आमचंही चोन-बुलाकहूनच जोडा. तिकडची माणसं ओळखतात म्हणे मला. "उंबरठा डोक्यावर असलेलं दार" अशी खूण सांगतात.

मंडळी, तुमच्याही घराला उंबरठा असेल. त्याचा मान ठेवा, त्याच्यावर पाय देऊ नका. तो घरातल्यांची राखण करतो. पण ज्या वाटेनं माणसं पुढे जायची आहेत तिच्यात उंबरठे मांडू नका. वाटेतला उंबरठा कितीही चांगल्या लाकडाचा असला, तरी कुणाच्या तरी नातवाची पहिली पावलं त्याच्यापायी चुकतात. हे मी ऐकून नाही, अनुभवून सांगतोय.

परवा उरुमकान आपा पुन्हा आली होती. या वेळी नातवाला घेऊन, त्याच्या आत्याकडे उत्तरेला निघालेली. दोन वर्षांचा झालाय तो, नुसता पळत असतो. एर्गेश बाइकेनं दोघांची तिकिटं दारातूनच घेतली, पाहिली आणि दारातूनच परत दिली. आपा माझ्याखाली आली आणि जिथं मी कधीकाळी होतो त्या सपाट जमिनीवरून तिनं सवयीनं पाय उंच उचलून टाकला. मग तिचं तिलाच हसू आलं. तिनं वर माझ्याकडे बघितलं.

पोरानं पाय उचलला नाही. खाली बघितलं नाही, वरही बघितलं नाही. आजीचा हात सोडून तो सरळ पळत गेला.